तीनशेचा स्पीड, अठरा तारखेपर्यंत

तिखटमीठ
परवा 'कुठलं नेट घ्यावं' या धाग्यावर गिगाबिट_गणपत यांनी लिहिलं, "४० आणि ३०० एमबीपीएसमध्ये महिन्याला चार वडापावचा फरक. तरी लोक ४० ला चिकटून बसतात. याला काटकसर नाही, कंजूसपणा म्हणतात." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मीच ती कंजूस. गेल्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे ४० एमबीपीएस वेगाचं नेट होतं. ४९९ अधिक जीएसटी. घरात चार माणसं, कुणाचं काही अडत नव्हतं. मग लेकाने डोकं खाल्लं आणि ३०० चं घेतलं. जाहिरातीत ९९९. हे ९९९ मला अजून एकदाही भरायला मिळालेले नाहीत. सहा महिन्यांचे आगाऊ भरलेत तरच बसवण्याचे पैसे माफ, म्हणून ५,९९४, वर १८ टक्के, झाले ७,०७३. एका दमात. कंपनीचा हवेतून नेट पकडणारा डबा हॉलच्या खिडकीशी बसला, आतल्या खोलीत रेंज नाही. लेकाने जुना राउटर जोडला तर काटा ९४ च्या वर जाईना, कारण त्याची वायर खुपसायची पोर्टंच १०० ची. नवा आणला, २,३००.

इथवर रडत नाही, हौसेला मोल नसतं. मेख पुढे आहे. प्लॅनला महिन्याला १००० जीबी डेटाची मर्यादा. ४० वर संध्याकाळी सगळे एकदम बसले की टीव्ही मुकाट एचडीवर यायचा. ३०० आल्यावर मालिकांच्या ॲपने परस्पर ठरवलं की या घराला एचडीहून बारीक चित्राचं फोर-के परवडतं. एचडीला तासाला साधारण ३ जीबी, फोर-केला ७. माणसं तीच, मालिका त्याच, सासूबाईही त्याच. वर लेकाचा एकेक गेम शंभर जीबीचा. अठरा तारखेला मेसेज, 'आपला डेटा संपला आहे.' त्यानंतर २ एमबीपीएस. म्हणजे ज्या ४० ला कंजूस म्हटलंत, त्याचा विसावा भाग, बारा दिवस. एखाद्या महिन्यात गावाला गेलो आणि डेटा उरला, तर तो मात्र पुढे येत नाही.

आता सांगा, किती वडापाव झाले?

गिगाबिट_गणपत
काडी टाकल्याबद्दल आभार. ताई, तुम्ही हवेतून येणारं नेट घेतलंत आणि केबलने येणाऱ्या फायबरला शिव्या घालताय. फायबरवर ३३०० जीबी मिळतो. रोजचे ११०, म्हणजे दिवसाला १५ तास फोर-के. सासूबाईंचे डोळे आधी थकतील. आणि फोर-केला २५ एमबीपीएस पुरतात, ते ४० वरही चालतं. 'स्पीडने डेटा खाल्ला' म्हणजे नळ मोठा बसवला म्हणून तहान वाढली असं झालं.

बाकी २०२३ पासून सरकारच्या लेखी ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. त्यामुळे बारा दिवस तुमच्याकडे जे असतं ते कायद्याने ब्रॉडबँडच आहे. अभिनंदन.

तिखटमीठ
४० वर एक टीव्ही फोर-के चालतो. आमच्याकडे दोन टीव्ही, लेकाचा गेम आणि ह्यांची मीटिंग एकाच वेळी असते. आणि मोठ्या नळाने तहान वाढत नाही, बादली उतू जाते. तोटी फिरवायची कुठे हे कुणी सांगत नाही, एवढंच म्हणणं आहे.

'फायबर घ्या' म्हणे! आमच्या सोसायटीत फायबर एकाच केबलवाल्याचं. त्याचंच ते ४० चं होतं, त्याच्यापुढे त्याच्याकडे प्लॅनच नाही. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला की वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. कमिटीचा आदेश. म्हणून खिडकीत डबा लावला.

हिशेबनीस
गणपतराव, तुमचे १५ तास ठेवा बाजूला. ३०० चं कनेक्शन पूर्ण वेगाने चालवलं तर ३३०० जीबी साडेचोवीस तासांत संपतात. १ जीबीपीएसवाल्याचे (म्हणजे १००० एमबीपीएस) सात तास वीस मिनिटांत. महिन्याचं रेशन आणि एका दिवसात फस्त! तसं कुणी चालवत नाही हे मान्य, पण मग तो आकडा विकता कशाला?

माझा अनुभव सांगतो. दुकानात चार कॅमेरे, रेकॉर्डिंग थेट क्लाउडवर, प्रत्येकी २ एमबीपीएस. अपलोडसुद्धा मर्यादेत धरतात हे मला मेसेज आल्यावर कळलं. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, चौघांचे महिन्याला २,५९२. वर्ष झालं, चोर एकही आला नाही. डेटा मात्र रोज चोरीला जातो.

गिगाबिट_गणपत
दुकानात घरगुती प्लॅन लावलाय, हे आधी सांगायचं होतं.

हिशेबनीस
दुकान घराखालीच आहे. विषय बदलू नका.

माजी_सेक्रेटरी
कमिटीला झोडपणं सोपं असतं. आमच्याकडे आधी पाच कंपन्या होत्या. पाचही जणांनी डक्टमध्ये आपापली भोकं पाडली, गच्चीवर वायरींचं जाळं, त्या भोकांतून पाणी मुरलं आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटीच्या बोकांडी. म्हणून एकच ठेवला. तो वर्षाला ठरावीक रक्कम देतो, ती लिफ्टच्या मेंटेनन्सला जाते. ठराव सर्वसाधारण सभेत झाला. २१६ फ्लॅट, हजर ३१, त्यातले निम्मे बटाटेवडा संपल्यावर उठले. तेव्हा गैरहजर राहायचं आणि इथे येऊन 'मोनोपॉली' म्हणायचं.

तिसरा_मजला
लिफ्टच्या मेंटेनन्सला! वा! आमची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. चेअरमनसाहेबांच्या घरी मात्र नेट फुकट. विचारलं तर म्हणतात, "ते सोसायटी ऑफिसचं कनेक्शन आहे." ऑफिसला कुलूप आणि वायफाय सातव्या मजल्यावर. ताई, राउटर-बिउटर सोडा, छुपा खर्च तो हा. कंपनी कमिटीला पैसे देते ते स्वतःच्या खिशातून देते का? आपल्याच बिलातून वसूल करते.

माजी_सेक्रेटरी
पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या. ११ वर्षं फुकट राबलो आहे. टाकीत मेलेली पाल स्वतःच्या हाताने काढली आहे.

तिसरा_मजला
मी आमच्या चेअरमनबद्दल बोललो. तुम्हाला का मिरच्या झोंबल्या?

अटलांटाकर
इकडे २०२२ मध्ये आमची मर्यादा १.२ टीबी, म्हणजे १२०० जीबी होती. ती ओलांडली की वेग कमी होत नसे, थेट बिलच. दर ५० जीबीला १० डॉलर, वाढत वाढत १०० डॉलरपर्यंत. आई-बाबा उन्हाळ्यात आले, टीव्ही सकाळी सातला लागायचा तो झोपेपर्यंत. ते दुपारी झोपले तरी मालिका चालूच. दोन महिने दंड भरला, पण त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. तुमचे २ एमबीपीएस परवडले. एक गोष्ट मात्र बरी झाली. २०२४ पासून इथे प्रत्येक प्लॅनला बिस्किटाच्या पुड्यासारखं लेबल लागतं. भाडं किती, मर्यादा किती, ओलांडली तर किती, सगळं एका चौकटीत.

तिसरा_मजला
आलं 'आमच्याकडे अमेरिकेत'.

चिपळूणची_चकली
आमच्याकडे पहिला पाऊस पडला की लाइट जाते, लाइट गेली की राउटर जातो, राउटर आला की खांबावरची वायर तुटलेली असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मर्यादा कधी गाठलीच नाही. ती गाठायला आधी नेट लागतं हो. तुमच्या छुप्या खर्चात इन्व्हर्टर धरा.

हिशेबनीस
अटलांटाकर, लेबल नाही तरी नियम आपल्याकडेही आहेत. दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्येच सांगितलंय की डेटा निम्मा झाला, नव्वद टक्के झाला आणि संपला, अशा तिन्ही वेळा ग्राहकाला कळवायचं. तिखटमीठ ताई, तुम्हाला आधीचे दोन मेसेज आले होते का?

तिखटमीठ
आले होते म्हणे. ह्यांच्या नंबरवर. ह्यांनी 'जाहिरात' समजून पुसले. (यावर घरात वेगळा धागा झाला, तो इथे देत नाही.)

गिगाबिट_गणपत
म्हणजे कंपनीने कळवलं, नवऱ्याने पुसलं आणि कंजूस म्हटलं म्हणून गुन्हेगार मी. चालू द्या.

बरं, एवढं मान्य. ९९९ चे ७,०७३ होतात हे जाहिरातीत ठळक हवं, आणि चार माणसांना १००० जीबी कमीच. मला माझ्या सोसायटीत तीन फायबर आहेत, त्यामुळे ही अडचण कधी आली नाही. 'कंजूस'च्या जागी 'काटकसरी' वाचावे. संपादनाची सोय गेली आहे.

तिखटमीठ
ते राहू दे. क्वालिटी कुठे कमी करायची तेवढं सांगा.

गिगाबिट_गणपत
ओटीटीच्या खात्यात 'प्लेबॅक सेटिंग्ज' असतं. टीव्हीवर शोधू नका, लॅपटॉपवरून ब्राउझरमध्ये लॉगिन करा, 'मध्यम' निवडा. नवा राउटर आता परत घेणार नाहीत, तो ठेवा.

तिखटमीठ
केलं. सासूबाई विचारतायत, टीव्हीला मोतीबिंदू झाला का. तरी धन्यवाद.

माजी_सेक्रेटरी
पुरावा अजून आलेला नाही.