‘क्रिमिनल जस्टिस मायनर’ला मराठीत काय म्हणाल?

खामलेकर
भाची अमेरिकेत शिकते. मुख्य विषय मानसशास्त्र, सोबत दुसरा, छोटा विषय म्हणून क्रिमिनल जस्टिसचा ‘मायनर’. आईनं विचारलं, “मायनर मंजे? लहान पोरायचे गुन्हे काय?” मी हसलो खरा, पण मलाही धड सांगता येईना. ‘गुन्हेगारी न्याय’ म्हणावं तर गुंडांनी भरवलेली पंचायत वाटते!

महालवाला
‘फौजदारी न्याय’ म्हणा. फौजदार हा मोगलाईतला फौज बाळगणारा, बंदोबस्त पाहणारा अधिकारी, महसूल दिवाणाकडे. त्यातूनच फौजदारी आणि दिवाणी ही जोडी आपल्या कोर्टात आली. २०२४ च्या १ जुलैपासून ‘फौजदारी प्रक्रिया संहिता’ जाऊन ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता’ आली, म्हणजे कायद्याच्या नावातून फौजदारी गेली. पण आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात जाऊन बघा, वकील अजून ‘फौजदारी अर्ज’च म्हणतात. ‘आपराधिक न्याय’ मात्र नको, ते सरळ हिंदी.

अजनीकर
महालवाले भाऊ, आपराधिक नको हे मान्य, पण अपराधाला हिंदी म्हणू नका. मी पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे लेखनिक होतो. आयुष्यभर ‘अप. क्र.’ लिहिला, म्हणजे अपराध क्रमांक. पुण्या-मुंबईकडे त्यालाच ‘गु. र. नं.’, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर म्हणतात. तिकडून बदलून आलेले साहेब पहिल्या आठवड्यात विचारायचे, “हे अप काय आहे?” १९५६ पर्यंत आपलं नागपूर आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्या कारभाराची सवय कागदावर राहिली असावी, असं माझं मत. बोलताना मात्र आम्हीही ‘गुन्हा दाखल झाला’ असंच म्हणायचो. ‘अपराध दाखल झाला’ असं कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.

मौदेकर
मायनरबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडं मायनर मंजे पेंचच्या कालव्याची छोटी वितरिका. “मायनरले पाणी आलं का?” हा रब्बीतला रोजचा प्रश्न. तुमच्या भाचीनं ‘मायनर घेतला’ म्हटलं तर आमचे बुवा विचारतील, “किती एकर भिजते?”

धरमपेठकर
‘गौण’ म्हटलं की मला मुरूम आणि रेती आठवते, गौण खनिज! ‘दुय्यम’ म्हटलं की रजिस्ट्रीवाले दुय्यम निबंधक. दोन्हींत विषयाला कमीपणा येतो, आणि चार सत्रं मेहनत करणाऱ्या पोरीला ते लागेल. ‘जोडविषय’ कसा वाटतो? जोडधंद्यासारखा. शेती मोठी, पण दुधावर घर चालतं.

खामलेकर
जोडविषय आवडला. भाची सांगते, त्यात तीन भाग असतात: पोलीस, न्यायालय आणि ‘करेक्शन्स’, म्हणजे तुरुंग वगैरे. तिसऱ्याला काय म्हणू? ‘दुरुस्ती’ म्हटलं की गॅरेज आठवतं.

अजनीकर
तो शब्द सरकारनं आधीच दिलाय. आपल्या तुरुंग खात्याचं नाव ‘कारागृह व सुधारसेवा विभाग’ आहे. ‘सुधारसेवा’ घ्या. आणि आईंना सांगा, हा विषय घेतला म्हणून पोरगी वकील होत नाही. माझ्या घरी हाच गैरसमज दोन वर्षं चालला.