ॲपवर एक रेट आणि शोरूमला दुसरा, असं चालतं का?

जुळेसोलापूरकर:
नवी पेठेत एका मोठ्या चेनच्या शोरूमला मिक्सर बघितला, ३,८५० सांगितले, तिथंच उभं राहून त्यांचंच ॲप उघडलं तर ३,१९९! दुकान त्यांचंच, ॲप पण त्यांचंच, मग साडेसहाशे कशाचे? सेल्समन म्हणतो "ऑनलाइनचं वेगळं असतंय सर". तक्रार करता येते का कुठं?

होटगीरोड:
नाही बे. एमआरपीच्या वर घेतले तर गुन्हा, खाली कितीला विकायचं ते ज्याचं त्याचं. बॉक्सवरची एमआरपी बघ, ३,८५० च्या बरीच वर असेल. त्याच्यावर मागितले तर मात्र सोडू नको, १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लाव, मराठीत पण बोलता येतं.

पेठेतला:
बऱ्याच चेनची दुकानं फ्रँचायझी असतात, भाडं, लाईटबिल, पोरांचे पगार मालकाच्या खिशातनं, आणि ॲपवरचा सेल वरनं ठरतो, ह्यांना कोण विचारतंय. आणि ते ३,१९९ कार्डची ऑफर धरून आहे का, पिनकोड टाकल्यावर पण तेवढंच राहतंय का ते बघ आधी. स्टोअर पिकअप असेल तर ॲपवरच ऑर्डर करून त्याच काउंटरवरनं उचल. नाहीतर मॅनेजरला स्क्रीन दाखव, सेल्समनशी भांडून काय उपयोग नाही.

जुळेसोलापूरकर:
कार्डचं काय नव्हतं, पिकअप पुण्याला दाखवतंय 😑 मॅनेजर ३,४०० वर आला, घेऊन टाकला.

होटगीरोड:
बिल पक्कं घे, वॉरंटीला लागतंय. आणि शेंगाचटणी त्यात करू नको म्हणजे झालं.