पुढच्या मंगळयानावर कॅमेरा कुठला हवा: बारीक नजरेचा की रुंद नजरेचा?

लालमाती: मंगळयानाच्या कलर कॅमेऱ्यावर माझा जीव आहे. सव्वा किलोच्या त्या उपकरणानं २०१४ मध्ये अख्खा तांबडा गोल एका चौकटीत पाठवला, तो फोटो मी आजही काढून बघतो. तरी पुढच्या यानावर तो नको. अगदी जवळून जातानाही त्याच्या एका पिक्सेलमध्ये वीसेक मीटर जमीन यायची. नासाच्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा हायराइज कॅमेरा ३०० किमीवरून ३० सेंमीपर्यंत बघतो. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यानं व्हिक्टोरिया विवराच्या काठावर उभा असलेला ऑपॉर्च्युनिटी रोव्हर टिपला. चाकांच्या खुणा दिसतात, कॅमेऱ्याच्या खांबाची सावलीसुद्धा! उद्या तिथं उतरायचं तर वाटेतले धोंडे आधी दिसायला नकोत का?

खडकवेडी: नाही पटत. हायराइजच्या एका फोटोत येणारी जमिनीची पट्टी जेमतेम ६ किमी रुंद. पहिल्या १० वर्षांत मंगळाचा ३ टक्के भागही झाला नव्हता. त्याच यानावरच्या सीटीएक्स या दुसऱ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ६ मीटरचा, पण पट्टी ३० किमीची, आणि त्यानं जवळपास सगळा ग्रह पालथा घातला. धोंडा दिसला, पण तो ज्या जुन्या पात्रातून वाहत आला ते पात्रच चौकटीबाहेर राहिलं, तर भूगोल कसा कळणार?

लालमाती: आणि उतारांवरच्या काळपट रेघा? उन्हाळ्यात लांबत जातात, थंडीत पुसट होतात. रुंदी जेमतेम काही मीटर. २०११ मध्ये त्या हायराइजमुळेच कळल्या.

खडकवेडी: त्याच रेघांनी घोळ घातला ना! २०१५ मध्ये खारं पाणी म्हणून जगभर बातम्या, २०१७ मध्ये कळलं की कोरडी वाळू घसरत असावी.

दुर्बीण_नाशिक: ताई, ती दुरुस्ती कुणी केली तेही सांगा. रेघा थांबतात तिथला उतार मोजला म्हणून वाळूचा संशय आला, आणि तो मोजला हायराइजच्याच जोडचित्रांवरून, म्हणजे एकाच जागेच्या दोन कोनांतून घेतलेल्या फोटोंवरून.

खडकवेडी: हे मान्य, मनापासून. पण हायराइज एकटा ६५ किलोचा आहे. मंगळयानाची पाचही उपकरणं मिळून १५ किलोच्या आसपास होती, आणि कक्षा ४२१ किमीपासून थेट ७७,००० किमीपर्यंत ताणलेली. तशा कक्षेत बारीक नजरेला जमिनीजवळ मिळणार किती वेळ? लालमाती, आधी रॉकेट आणि कक्षा सांगा, मग कॅमेऱ्यावर बोलू.