मदत हवी आहे: थॉमस नास्टच्या व्यंगचित्राखालची ओळ मराठीत कशी आणावी?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांसाठी जुन्या व्यंगचित्रांचं छोटं प्रदर्शन लावतेय. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स वीकली'त आलेलं थॉमस नास्टचं एक चित्र त्यात हवंच आहे. न्यूयॉर्कचा भ्रष्ट राजकारणी विल्यम ट्वीड आणि टॅमनी हॉल या राजकीय संघटनेतली त्याची टोळी रिंगण करून उभी. लोकांचा पैसा कुणी चोरला, असं विचारल्यावर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय! ट्वीड पुढे, ढेरी सुटलेली, छातीवर टपोरा हिरा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चोर कळतो, म्हणून हे चित्र मला इतकं मोलाचं वाटतं. पुढे तुरुंगातून निसटून स्पेनला पळालेला ट्वीड १८७६ मध्ये ओळखला गेला, तोही नास्टच्याच एका चित्रावरून.

अडलंय ते उत्तराच्या ओळीपाशी. इंग्रजीत दोनच शब्द आहेत: ''Twas him'. 'त्याने चोरला' फार पुस्तकी वाटतं. 'मी नाही, ह्यानं!' मुलांच्या तोंडचं आहे, पण 'मी नाही' मुळात नाही. नुसतं 'ह्यानं!' पुरेल का? एकावर 'टॉम, डिक अँड हॅरी' लिहिलंय, तिथे सोम्यागोम्या घेतलंय.

शिवाय मूळ छपाई लाकडी ठोकळ्यावर कोरलेली, त्यामुळे रेषा फार बारीक. माझ्याकडची प्रत मोठी केली की कोटांवरच्या रेषांचा नुसता काळा गिचका होतो. जुनी कोरीव चित्रं कुणी पोस्टरच्या आकारात छापून घेतली असतील तर स्कॅन किती रिझोल्यूशनचं आणि कागद कोणता घेतलात, ते कृपया सांगा. फाईल शनिवारी छापायला द्यायची आहे.