बॉर्डर कॉली आमच्या घराला झेपेल का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार.

आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. घर स्वतंत्र असले तरी मागचे अंगण लहान आहे. आम्ही दोघे नोकरी करतो. घरी सात वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीमुळे काठी घेऊन चालणाऱ्या सासूबाई असतात. यजमानांच्या पुण्यातील मित्राकडे बॉर्डर कॉली या जातीच्या कुत्र्याची पिल्ले झाली असून त्यांतील एक तो आम्हाला देऊ पाहतो आहे. मुलीने नावसुद्धा ठरवून टाकले आहे. निर्णय मात्र अजून आम्हीच घ्यायचा आहे.

ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागात मेंढ्या वळवण्यासाठी तयार झाली आणि १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा तिचा मूळपुरुष मानला जातो. आपल्याकडे जत-आटपाडीच्या माळावर धनगरांची कुत्री लांडग्यापासून मेंढरांची राखण करतात, वळवण्याचे काम माणूस करतो. हा कुत्रा मात्र दबकत, नजर रोखून स्वतःच कळप वळवतो. दिवसभर धन्याच्या शिट्टीवर राबण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या या जनावराला आमच्याकडे काम काय, हा माझा मुख्य प्रश्न आहे. केवळ फिरवून आणल्याने त्याचे भागत नाही, डोक्यालाही खाद्य लागते आणि ते न मिळाल्यास तो भुंकणे, कुरतडणे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांमागे धावणे असले उद्योग स्वतःच शोधतो, असे वाचले आहे. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास आम्ही देऊ शकू. पण मधल्या आठ-नऊ तासांचे काय करावे?

दुसरी काळजी मुलांची. सुटीत अंगणात पाच-सहा मुले धावत असतात. पळणाऱ्या मुलांना घेरणे, टाचेला हलकेच दात लावणे ही सवय शिकवणीने कितपत आटोक्यात येते? मुले एकवेळ सावरतील. सासूबाईंच्या पायांत तो घुटमळला तर पडण्याचे भय आहे.

एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीला टेकतो. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याला तेव्हा पहाटे आणि रात्रीच बाहेर नेता येईल, म्हणजे व्यायामाची वेळ नेमकी उन्हाळ्यात आखडणार.

औषधांविषयीही विचारायचे आहे. कॉली गटातील काही कुत्र्यांत एमडीआर-१ जनुकाच्या दोषामुळे आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची मोठी मात्रा मेंदूवर विषारी परिणाम करते. बॉर्डर कॉलीत हा दोष रफ कॉली या जातीपेक्षा बराच कमी आढळतो. परंतु आपल्याकडे गोचीड आणि खरजेवर हे इंजेक्शन सर्रास दिले जात असल्यामुळे मला धास्ती वाटते. पिल्लाच्या आईवडिलांची जनुकीय चाचणी मागणे व्यवहार्य आहे का? डोळ्यांच्या जन्मजात दोषाची तपासणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते का?

सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यात ही जात प्रत्यक्ष पाळलेल्या कोणी आपली दिनचर्या सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल. माझा कल सध्या नकाराकडे आहे. स्वभाव पारखलेले, वयात आलेले देशी कुत्रे दत्तक घेण्याची आमची तयारी आहे. त्यामुळे मुलीचा हिरमोड होईल म्हणून कोणी हात आखडता घेऊ नये, स्पष्टच सांगावे.