फ्रेंच टॅपेस्ट्री: अस्तर उसवू देत नाहीत, घ्यावी की सोडावी?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर येवल्याचं. पैठणी हातात आली की आधी पदर उलटा करून बघायचा, ही आईची शिकवण. गेली चार वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला आहोत. इथून गाडीने दीडेक तासावर ऑब्युसाँ हे गाव आहे. तिथल्या विणकरांच्या मागांना १६६५ मध्ये राजाश्रय मिळाला, आणि तिथे आजही लोकरीच्या टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, हाताने विणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा माग बघून थबकलेच. माग आडवा, पायाखाली पावड्या, आणि प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, जी त्या रंगापुरतीच जाते आणि मागे फिरते. अहो, ही तर आपली पैठणी! फक्त रेशमाऐवजी बहुतेक लोकर, आणि विणकर उलट्या बाजूने विणतो. चित्राचा कागद ताण्याखाली, म्हणजे मागावर ताणलेल्या धाग्यांखाली असतो, त्यामुळे सुलट बाजूला चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं.

तेव्हापासून नाद लागला. रविवारच्या जुन्या बाजारातून पहिली खरेदी केली ती ६० युरोंची 'गोब्लाँ'. घरी येऊन उलटी केली तर मागे रंगीत धाग्यांचे पट्टे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले. जकार्ड मशीनचं काम, म्हणजे आपल्याकडची सेमी पैठणी. शिवाय पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्याशी तिचा काडीचाही संबंध नाही, इथे कुठल्याही टॅपेस्ट्रीला ते नाव चिकटवतात. नवरा अजून हसतो. त्यानंतर खुर्चीच्या पाठीची दोन कव्हरं मिळाली, कोल्हा आणि कावळ्याच्या गोष्टीची. ती मात्र हातविणीची निघाली. मागे धाग्यांची टोकं लोंबत होती आणि रंग पुढच्यापेक्षा कितीतरी ताजे होते.

आता मूळ प्रश्न. एका विक्रेत्याकडे एक 'व्हर्द्यूर' आहे, म्हणजे झाडंझुडपं, पक्षी, लांब कुठेतरी एक वाडा. साधारण दोन बाय अडीच मीटर. १८ व्या शतकातली ऑब्युसाँ म्हणतो, २,४०० युरो सांगतो. मागे जाड सुती अस्तर चारही बाजूंनी शिवलेलं आहे आणि ते उसवू द्यायला तयार नाही. पुढून एवढंच दिसतं: पानं हिरवी असायला हवीत ती निळी आहेत. खोडांच्या कडांचा गडद तपकिरी धागा जागोजागी झडलाय आणि खालचा ताणा उघडा पडलाय. काही ठिकाणी आडव्या फटी आहेत, बोट जाईल एवढ्या. काठ कापलेला.

हे सगळं वयाचं लक्षण आहे की निव्वळ हेळसांडीचं? आणि पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परततोय. पावसाळ्यात तिथे एवढी लोकर कसरीपासून वाचवायची कशी? सासूबाई म्हणतात डांबराच्या गोळ्या टाक आणि ईझीत बुडवून काढ.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

सासूबाईंचा दुसरा सल्ला प्लीज ऐकू नका. एवढी लोकर ओली झाली की तिच्या स्वतःच्या वजनानेच ताणली जाईल, आणि लाल-निळा कुठे कुठे पसरेल सांगता येत नाही.

बाकी तुम्ही लिहिलेली लक्षणं बरी वाटतात. त्या काळी हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करायचे. वनस्पतीचा तो पिवळा उजेडाने उडून जातो आणि निळा मागे राहतो. तपकिरी-काळ्या रंगात लोहाचे क्षार असत, ते वर्षानुवर्षं लोकर आतून खातात. म्हणून शेजारचा रंग धडधाकट आणि तपकिरी तेवढा गळालेला, असं दिसतं. मात्र यावरून शतक ठरत नाही, १९ व्या शतकातल्या हातविणीतही हे असू शकतं.

प्रतिसाद २

फटींबद्दल. दोन रंगांमधली सीमा ताण्याच्या दिशेने सरळ गेली की मध्ये फट राहते, ती नंतर सुईने शिवतात. टॅपेस्ट्री विणतात एका दिशेने आणि टांगतात नव्वद अंशांत फिरवून, म्हणून भिंतीवर ताणा आडवा येतो. सगळा भार बाण्यावर, म्हणजे ताण्यातून विणलेल्या रंगीत धाग्यांवर, आणि त्या शिवणीवर. शिवण कुजली की फट आ वासते. ही दुरुस्ती होते, पण घरी नको.

अस्तर नाही उसवलं तर त्याच फटीतून मोबाईलचा टॉर्च मारा आणि एखादी कड हलकेच उचलून आत बघा. मागे लांब तरंगते धागे दिसले तर ते मशीनचं काम, नमस्कार करून निघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिल. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक सरकारी आदेश आहे. वस्तूच्या नावापुढे नुसतं शतक लिहिलं, तर ती त्या शतकातली असल्याची ती हमी ठरते. 'स्टाइल', 'फासाँ', 'झाँर' असले 'त्या धाटणीची' अशा अर्थाचे शब्द आले की हमी संपली. त्याला म्हणा, १८ वं शतक बिलावर लिहून दे.

प्रतिसाद ३

पुण्यासाठी: घडी कधीच घालायची नाही. जाड नळकांड्यावर ताण्याच्या दिशेने, सुलट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायची, वर धुतलेलं सुती कापड. टांगायची तर वरच्या कडेला पूर्ण रुंदीभर शिवलेल्या वेल्क्रोवर, खिळ्यांवर नाही आणि खिडकीसमोर तर नाहीच. धूळ काढताना मध्ये जाळी धरून व्हॅक्यूम अगदी कमी जोरावर. कसरीला अंधार आणि न हलवलेलं कापड आवडतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी उलगडून बघा. खुर्चीची कव्हरं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतील. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

एक आगाऊ प्रश्न: पुण्याच्या फ्लॅटमध्ये अडीच मीटरची रिकामी भिंत आहे ना?

धागाकर्ती

भिंत आहे, टीव्ही हलवावा लागेल. त्यावर वाटाघाटी सुरू आहेत.

काल पुन्हा गेले. टॉर्च मारला. आत टोकंच टोकं, लांब तरंगता धागा एकही नाही, आणि पानं चक्क हिरवी! तिथेच आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "हातचं आहे, पण हात घाईचा आहे." मग बिलाचं काढलं. विक्रेता दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, 'ऑब्युसाँ, १९ वं शतक' लिहून देतो, किंमत १,५००.

प्रतिसाद २ वाल्यांनो, आता तुम्हीच सांगा. तपकिरी भागाची आणि फटींची दुरुस्ती धरून हा सौदा परवडेल का? त्याने शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय.