एचआयव्हीत स्नायू झडले तर ॲनाबॉलिक स्टिरॉइड द्यावं का?

लोकमान्यनगरवाला

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय जोडे मारायचे ते मारा. एचआयव्ही असलेल्या माणसाचे स्नायू झडले असतील आणि तपासणीत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, खरंच कमी निघालं असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲनाबॉलिक स्टिरॉइड, म्हणजे त्याच जातीचं स्नायू वाढवणारं औषध, द्यायला हरकत नसावी. पण इंदुरात हे नाव काढलं की समोरचा असा बघतो, जणू मी जिममधल्या पोरांसाठी माल मागायला आलोय.

निमित्त एका मित्राचं. त्याला आजार फार उशिरा कळला. औषधं सुरू झाल्यावर व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबला, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चढला, पण दंड नि मांड्या काही भरल्या नाहीत. पट्ट्याला खिळा तापवून पाडलेलं भोक अजून तेच लागतं. दुकानाचं शटर एका हाताने खाली ओढणारा माणूस, आता त्यासाठी पोराला हाक मारतो. डॉक्टर म्हणाले, "लोड दबलाय ना, मग झालं की."

ही औषधं काही चोरबाजारात जन्मली नाहीत. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची जोड येण्याआधी रुग्ण डोळ्यांदेखत खंगत. दहा टक्क्यांहून जास्त वजन आपसूक घटणं आणि सोबत महिनाभर जुलाब किंवा ताप-अशक्तपणा, हे एड्सचंच लक्षण धरलं जाई. तेव्हा अमेरिकेत नॅन्ड्रोलोनची इंजेक्शनं आणि ऑक्सॅन्ड्रोलोनच्या गोळ्या, दोन्ही ॲनाबॉलिक स्टिरॉइडच, डॉक्टर स्वतः लिहून देत. आणि त्याच काळात खेळांत काय चाललं होतं? १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन स्टॅनोझोलोल हे असंच स्टिरॉइड घेतल्यामुळे पकडला गेला, १९९० मध्ये अमेरिकेत कायदा होऊन ही सगळी औषधं नियंत्रित यादीत गेली. लबाडी खेळाडूंची, कागदपत्रांचा ताप आजाऱ्यांना.

मालवी_मिरची

काका, इतिहास बरोबर आहे, पण तो तिथलाच आणि तेव्हाचाच. आपल्याकडे एचआयव्हीच्या माणसाचं वजन घटलं की पहिला संशय टीबीचा. मग जुलाब, तोंडात बुरशी आल्याने गिळता न येणं, थायरॉइड, साखर, आणि मन खचून जेवण सुटणं. यातलं एकही न तपासता इंजेक्शन टोचणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत बसणं.

आणि मिळतं किती? जुन्या चाचण्यांचा एकत्र हिशेब काढला तर सरासरी वाढ किलो-सव्वा किलोची. एवढ्यासाठी चांगलं कोलेस्टेरॉल पाडायचं, गोळीच्या रूपातलं असेल तर यकृताला ताण द्यायचा. ज्या ऑक्सॅन्ड्रोलोनचं तुम्ही कौतुक करताय, त्याची मान्यता अमेरिकेने २०२३ साली काढून घेतली.

लोकमान्यनगरवाला

किलो-सव्वा किलो तुम्हाला कमी वाटतो कारण तुम्ही जिना धापा न टाकता चढता. ती सरासरी आहे. कुणाला काहीच लाभत नाही, कुणाला बरंच लाभतं. शिवाय मी सरसकट द्या म्हटलेलंच नाही. सकाळचं रक्त, तेही दोनदा तपासून टेस्टोस्टेरॉन कमी निघालं तरच. एचआयव्ही असलेल्या पुरुषांत ते कमी असणं काही विरळा नाही, पण तपासायला सांगतं कोण?

आखाडा_इंदूर

मी जिम चालवतो, म्हणून बोलतो. ही इंजेक्शनं तेलातली असतात, काही कंपन्यांची तर शेंगदाण्याच्या तेलात. घट्ट, जाड सुईने खोल स्नायूत द्यावी लागतात. पोरं एकाच बाटलीतून, कधी एकाच सुईने घेतात. एचआयव्ही आणि कावीळ दोन्ही अशीही पसरतात. कायद्याने चिठ्ठी लागते, पण ती मागतं कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नकली माल किती, विचारूच नका. तुमच्या मित्राला डॉक्टर नाही म्हणाले तर तो उद्या अशाच पोराकडे येईल, एवढीच भीती.

लोकमान्यनगरवाला

भाऊ, हे तर माझ्याच बाजूचं झालं! समोरचं दार लावलं की माणूस मागच्या दाराने जातो.

आखाडा_इंदूर

बाजू नका ठरवू. मी त्याला वजनं उचलायला लावीन, तेही हलकी, आठवड्यातून तीन दिवस. व्यायामाने या आजारातही स्नायू वाढतात, आणि त्याला चिठ्ठी लागत नाही.

जुनी_गोळी

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. एप्रिल २००४ मध्ये सरकारी औषध मोफत झालं, त्या सुरुवातीच्या काळातली माणसं आम्ही. तेव्हाच्या जोडीत स्टॅव्हुडीन असायचं. गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या, गल्लीतली बाई चेहऱ्यावरून ओळखायची. मीही तेव्हा स्टिरॉइडची चौकशी केली होती. उपयोग नव्हता, कारण गेलेली असते ती चरबी, आणि गाल काही स्नायूंनी भरत नाहीत. तेव्हा लोकमान्यनगरवाले, मित्राचं नेमकं काय गेलंय ते आधी बघा. आता डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या नव्या गोळीवर उलट तक्रार आहे, पोट सुटतंय. आमच्या ओळखीत निम्मे लोक वजन कमी करायच्या मागे आहेत.

सौ_रामबाग

तुम्ही सगळे पुरुष बोलताय म्हणून एक सुटलंय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं, कधी बंदच. आता लोड दबलेल्या नवऱ्यापासून बायकोला लागण होत नाही, अशी जोडपी मूल हवं म्हणून येतात. त्यांना हे आधी कुणी सांगतं का? आणि बायकांना दिलंत तर आवाज घोगरा होतो, तो औषध सोडलं तरी परत येईलच असं नाही. खंगणाऱ्या बायका नसतात का? त्यांच्यासाठी तुमच्या धाग्यात एक ओळ नाही.

मालवी_मिरची

सौ. रामबाग, अगदी बरोबर. आणि काका, टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असेल तर ते भरून काढायला माझा विरोध नाही. रक्त घट्ट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, बघत राहायचं. ५४ टक्क्यांच्या वर गेलं की थांबायचं. विरोध आहे तो "अंग भरत नाही, नॅन्ड्रोलोन द्या" याला.

लोकमान्यनगरवाला

ठीक. पण हे सगळं बघणार कोण? एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी औषध केंद्रात, गोळ्या मिळतात, हॉर्मोनच्या डॉक्टरकडे पाठवलं तर ते फाइलवर एचआयव्ही वाचून "तुमच्याच डॉक्टरांना विचारा" म्हणतात. २०१७ च्या कायद्यात भेदभावाला बंदी आहे, ती काय फक्त भिंतीवरच्या पोस्टरसाठी? दोघांच्या मध्ये माणूस लोंबकळतोय.

मालवी_मिरची

तो राग मान्य, मीही तुमच्यासोबत भांडायला येईन. पण काका, मित्राचा टीबीसाठी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली आहे का, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही.